गोदाकाकूंची शनिवारची गाठ

आमच्या शेजारच्या वाडीत गोदावरीकाकू एकट्या राहतात. काशीदच्या अलीकडचं आमचं गाव, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी, तिच्यात नारळी-पोफळी आणि आम्ही. काकूंचं वय चौऱ्याहत्तर. मुलगा अजेय खारघरला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर.

काकूंचा एक नेम आहे. सकाळी देवाला फूल वाहिलं, की आज कुणासाठी काय करायचं ते एकच ठरवायचं आणि पदराला गाठ मारायची. काम झालं की दिवेलागणीच्या आत ती सोडायची. नाही झालं, तर रात्री जेवायचं नाही. गाठ कसली ते कुणाला सांगायचं नाही. "बोलून दाखवलं की ते देवाचं राहत नाही, आपलं होतं," असं त्या म्हणतात.

बाकी त्यांचं सगळंच एकमार्गी. नारळ खवताना त्या बोलत नाहीत. मी कुंपणावरून हाक मारली, तर विळीवरून मान न उचलता फक्त डावा हात वर करतात, ट्रॅफिक पोलिसासारखा. मी उभी. वाटी खवून झाली की, "हं, बोल." तोवर मी काय बोलायला आले होते तेच विसरते.

आणि अशा बाईने मागच्या महिन्यात दुधाखालचा गॅस चालू ठेवला. पातेल्याचा कोळसा झाला. ही गोष्ट मी मूर्खासारखी त्यांच्या सुनेला, वल्लरीला, फोनवर सांगून बसले. झालं. अजेयचा फोन आला, "आई, आता पुन्हा एक जरी गोष्ट विसरलीस, तर मी काही ऐकणार नाही. शनिवारी येतोय. तुझी बॅग भरायची की नाही, ते तेव्हा बघू."

काकूंना खारघरला सातव्या मजल्यावर जायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. गणपतीत दोन दिवस जातात, तरी परत आल्या की चप्पल न घालता वाडीभर फिरतात.

शनिवार उजाडला. आठच्या सुमारास काकू माझ्या मागच्या दाराशी. पदराचं टोक हातात, चेहरा उतरलेला.

"कमळ, ही गाठ कसली गं?"

"मला काय ठाऊक? तुम्ही सांगता कुठे कधी?"

"मीच मारली. जास्वंद वाहिली, गाठ मारली, आणि दारात कोण आलं म्हणून बघायला गेले. कोण नव्हतं, मांजर होतं. परत आले तर डोकं कोरं."

"मग सोडून टाका. अजेयला कुठे कळतंय!"

"देवाला कळतं ना!" काकू पायरीवर बसल्या. मग एकदम उठल्या. "गावात कुणाचं तरी आहे ते काम. प्रत्येकाकडे जायचं, पदर पुढे धरायचा आणि नुसतं विचारायचं, 'लक्षात आहे ना?' ज्याचं असेल तो बोलेल. आणि मी विसरले हे कुणाला कळणारही नाही. चल."

आम्ही निघालो. पहिला भेटला रावजी. हा आमच्याकडे नारळ पाडतो. माडाखाली कोयत्याला धार लावत बसला होता. काकूंनी पदर पुढे धरला. "रावजी, लक्षात आहे ना?"

रावजी उभाच राहिला. "काकू, देवाशपथ आज आनून देनार व्हतो!"

"काय?"

"शिडी वो. दिवालीला नेली ती. मेव्हन्याकडं हाय. आत्ता आनतो. तुमी त्यासाठी गाठ मारलीत? न्हाय, न्हाय, आत्ता आनतो!" आणि कोयता तिथेच टाकून गेला.

काकू माझ्याकडे वळल्या. "शिडी नव्हती गं. शिडी गेलीय हेच मला माहीत नव्हतं."

पुढे सोनलचं घर. ही पर्यटकांना खोल्या देते. काकूंनी तोंड उघडायच्या आत ती पोर रडवेली झाली. "काकू, मी काढणारच होते ती पाटी!"

पाटी कसली, म्हणून आम्ही रस्त्याच्या बाजूला जाऊन पाहिलं. भलीमोठी. 'आजीच्या हातचं अस्सल कोकणी जेवण.' आणि खाली काकूंचा फोटो, हळदीकुंकवाच्या दिवशी काढलेला. काकूंनी तो बराच वेळ पाहिला.

"सोनल, जेवण कोण करतं?"

"पेणचा आचारी आहे."

"मग त्याचा फोटो लाव. देखणा नाही का?"

देवळात यज्ञेश्वरभाऊ पूजा करत होते. पदर दिसताच त्यांनी निरांजनाच्या ताटामागून मोबाईल काढला आणि गपकन खिशात घातला. "काकू, कळलं. उद्यापासून गाभाऱ्यात स्कोअर बघणार नाही."

"उद्यापासून?"

"आजपासून."

अकरा वाजेपर्यंत आम्ही आणखी चार घरं केली. निम्म्या गावाने पापं कबूल केली, पण गाठीचं काम काही सापडलं नाही. घरी आलो तर अजेयची गाडी दारात. अंगणात रावजी शिडी टेकवून उभा, सोनल पाटी काखेत घेऊन उभी, आणि मध्ये अजेय.

"आई, हे काय चाललंय?"

मी म्हटलं आता आपणच सावरावं. "अजेय, काही नाही रे. काकूंची आजची गाठ होती माझ्यासाठी. मला लोणचं द्यायचं..."

"कमळ." काकूंनी डावा हात वर केला. "जेवायला बस अजेय. मग बोलू."

पानं वाढली. अजेयचा फोन वाजला. एका हाताने फोन, एका हाताने जेवण, बँकेतलं कुणीतरी रडत होतं. पंधरा मिनिटांनी फोन ठेवला.

"आमटी कशी झाली?" काकूंनी विचारलं.

"मस्त! तुझी आमटी म्हणजे..."

"आज आमटी केलीच नाही. सोलकढी होती. भातावर घेऊन जेवलास."

अजेयने ताटाकडे पाहिलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले, कारण हसू आवरेना.

आतून ऐकू आलं. "मी आज गाठ विसरले. सकाळी आठ वाजता विसरले, ते मला आठ वाजून पाच मिनिटांनी कळलं. गावभर फिरून शोधलं, नाही सापडलं. हे तुला मीच सांगतेय, कमळ नाही. आणि तू काय गिळलंस ते तुला मी सांगेपर्यंत कळलं नाही. आता कुणी कुणाला घेऊन जायचं ते सांग."

अजेय हसला, पण पुरतं नाही. "आई, गॅसचं काय? मला तिकडे झोप लागत नाही गं."

काकूंचा आवाज खाली आला. "गॅसचं खरं आहे. ते माझ्याही मनाला लागलंय."

त्यावर तासभर वाटाघाटी झाल्या. ठरलं ते असं, की काकू इथेच राहणार. पण दिवसातून दोनदा मी जाऊन गॅसचा खटका बघणार, आणि गाठ कसली ते रोज सकाळी मला मोठ्याने सांगायचं, म्हणजे दोन डोक्यांत राहील. नेम मोडतो म्हणून काकू कुरकुरल्या. मग देवाला विचारून येते म्हणाल्या, पाच मिनिटं आत बसल्या आणि म्हणाल्या, "चालेल म्हणतो."

त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. नेम म्हणजे नेम. अजेयनेही ताट घेतलं नाही. रविवारी सकाळी काकूंनी देवापुढे ती गाठ सोडली. "तुझंच काम होतं. मी विसरले. आता दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे," एवढंच म्हणाल्या. दुपारी अजेय एकटाच गेला. बॅग माळ्यावरून खाली आलीच नाही.

आता पंचाईत माझी झालीय. सकाळी सहाला कुंपणापाशी हजर राहावं लागतं, आणि काकूंनी सांगितलेलं दिवसभर ध्यानात ठेवावं लागतं, कारण संध्याकाळी त्या उलट मलाच विचारतात. परवा मी तोंडात ब्रश घेऊन उभी होते. काकू सांगू लागल्या आणि मी नुसतं "हं हं" करत होते.

काकू थांबल्या. पदर खांद्यावर टाकला.

"आधी दात घासून घे नीट. मग सांगते. मला कुठे खारघरला जायचंय!"