फेअर करून आण

मॅडमनी माझी वही दोन बोटांनी उचलली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बाकीची तीन बोटं वर ताणलेली, वहीला लागू नयेत अशी.

"हे काय आहे?"

"कल्पनेची वही, मॅडम."

"वही अशी असते? कच्चं कामसुद्धा स्वच्छ असावं लागतं."

मग लाल पेन निघालं. पहिल्याच पानावर, माझ्या चित्रावरूनच, एक मोठा आडवा शब्द. अस्वच्छ. त्याखाली: कल्पनेचा विकास, दहापैकी दोन.

वर्ग हसला. सगळा नाही. ज्यांचं हसणं ऐकू येतं ते हसले.

मी नववीत होते. अमरावतीतली नावाजलेली शाळा. आमचं गाव नांदगाव पेठच्या पलीकडं. सकाळची एसटी पकडून मी शाळेत यायची. बाबा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे तागे उचलायला होते, ठेकेदाराकडे. मी आठवीत असताना त्यांची पाठ गेली. ठेकेदारानं दुसरा माणूस लावला, बाबा घरी बसले. मग घर आईच्या मजुरीवर. निंदण, खुरपण, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणं. रविवारी मीपण जायची तिच्यासोबत. भाजी असली तर भाकर, नसली तर भाकर आणि तिखट. हे सांगताना मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. लोक आपल्याला ज्या शब्दांनी हटकायचे ते सगळे शब्द त्या दिवशी मागं टाकले, असं ते बाबांना सांगायचे. बाबा मला सांगायचे. त्यातलाच एक शब्द लाल शाईत माझ्या वहीवर परत आला. मॅडमच्या मनात तसं काही नसेल, असं पुढं मला बऱ्याच जणांनी समजावलं. नसेल. त्यांच्या बोटांना मात्र सगळं माहीत होतं.

वहीत काय होतं ते सांगते.

डिझाइनच्या तासाला काम दिलं होतं. आपल्या आजूबाजूच्या कोणाची तरी एक अडचण शोधा, त्यावर वस्तू तयार करा, आणि कल्पना कशी वाढत गेली ते वहीत दाखवा. मला अडचण शोधावी लागली नाही. आई कमरेला कापडाची ओटी बांधून कापूस वेचायची. ओटी भरली की कमर ओढायची. संध्याकाळी तिला सरळ उभं राहता यायचं नाही. मी तिच्यासाठी झोळी काढायला बसले.

पहिल्या पानावर दप्तरासारखी, पाठीवर. रविवारी जुन्या धोतराची शिवून नेली. आई दोन तास वेचून थांबली.

"हात मांगं जाते का माणसाचा? कापूस टाकू कुठी?"

मी खोडलं. खाली तिचं वाक्य लिहिलं, तिच्याच शब्दांत. दुसऱ्या पानावर झोळी पुढं घेतली, गळ्यात एक पट्टा. "मान कापते व." खोडलं. तिसऱ्यात खताच्या पोत्याचं कापड वापरलं, मजबूत म्हणून. त्याचे प्लास्टिकचे धागे कापसात उतरले. आईनं एक एक धागा काढून माझ्या हातावर ठेवला. खोडलं. पाचव्या पानावर ती म्हणाली, "कवडी कुठी टाकू मंग? चांगल्यात मिसयली त घेणारा तोंड वाकडं करते." कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. मग बाजूला वेगळा खिसा आला. सातव्या पानावर पट्टे पाठीवर फुलीसारखे गेले, बूड दोरीनं उघडायला लागलं, झोळी उभ्याउभ्या रिकामी व्हायला लागली.

"हं. आता जमलं," आई म्हणाली.

वही वावरात फिरली होती. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत ठेवली, मातीत ठेवली. आईनं चित्रावर बोट ठेवून ठेवून सांगितलं होतं, हे इथून काढ, हे तिथं घे. तिच्या बोटांचे ठसे सातही पानांवर होते. बोंडांच्या टोकांनी चिरलेली बोटं. एका पानावर रक्ताचा बारीक ठिपका.

तेच अस्वच्छ.

त्याच तासाला मॅडमनी दुसरी एक वही वर धरली. अख्ख्या तळहातावर, थाळीसारखी. एका डॉक्टरांच्या मुलाची. टेबल लॅम्प. तीन कल्पना, तीन पानं, कडेला रंगीत पट्टी. "बघा, याला म्हणतात विकास." दहापैकी दहा. मधल्या सुट्टीत त्यानं स्वतःच हसत सांगितलं, "अरे, लॅम्प आधी आला. काकांनी दिला. मग मी त्याचं कच्चं काढलं." तो काही लपवत नव्हता. त्यालाही वाटायचं, असंच करतात.

मला मॅडमनी तासानंतर थांबवलं. आवाज गोड केला.

"हुशार आहेस तू. हे सगळं फेअर करून आण, मी गुण वाढवते."

आणि मी केलं. हे मला कोणी करायला लावलं नाही, मी केलं. एका दुपारी बसून तीन कोरी पानं काढली. झोळी तयारच होती, त्यामुळं तिच्यावरून मागं मागं जात तीन सोज्वळ कल्पना पाडल्या. पट्टीनं रेषा मारल्या. आईची वाक्यं टाकली नाहीत. कापूस वेचणारी एक बाई काढली, काठपदराची साडी नेसलेली, हसणारी. जुनी सात पानं वहीतून फाडली.

मिळाले आठ.

एसटीतून उतरून मी पळत घरी गेले. आई चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचते. तिनं पानं उलटली, परत उलटली.

"हे तं तीनच हायेत. सात होते ना?"

"मॅडमनी फेअर करायला सांगितलं."

"मी नाई म्हटलं होतं, ते सारंच काढून टाकलं तुनं?"

मी पान उलटलं.

"अन् हे बाई कोन व?"

"तूच."

आई हसली. मोठ्यानं. "अशी राह्यते का कोनी वावरात?" मग हसणं थांबलं. वही माझ्या हातात दिली आणि पाणी आणायला गेली. त्या दिवसानंतर तिनं माझी वही कधी मागितली नाही.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. उपयोजित कला. त्यानंतर बी.एड. नातेवाइकांत कोणाला सांगितलं की कशाची पदवी, तर ते विचारायचे, "म्हंजे पेंटर?" मी हो म्हणायची. मग अकोल्याच्या एका खासगी शाळेत डिझाइनची शिक्षिका झाले. दोन वर्षं परिविक्षा, नंतर कायम. बाबांच्या औषधाचं, धाकट्या भावाच्या कॉलेजचं, सगळं त्या 'कायम' या शब्दावर टांगलेलं.

आणि पहिल्या वर्षी मी काय केलं? फळ्यावर लिहिलं: स्वच्छता, दोन गुण. मुलांना म्हणाले, नीट काढा. डाग नको. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मला ऐकूपण आलं नाही.

ऐकू आलं दुसऱ्या वर्षी. सानिया नावाची मुलगी, नववीतलीच. तिच्या अब्बूंचा बस स्टँडजवळ केळीचा ठेला. अकोल्याच्या उन्हात केळी दुपारपर्यंत काळी पडतात. सानियानं ठेल्यासाठी सावलीचं छप्पर काढलं होतं. वही एकदम साफ. तीन कल्पना. मी सहा गुण लिहिले आणि वही मिटताना शिवणीत बोट अडकलं. फाटलेल्या पानांच्या कडा. मोजल्या. पाच.

"सानिया, ही पानं कुठं गेली?"

"मॅम, ते गलत झालेले पेज होते."

"फाडले कशाला?"

ती एकदम साध्या आवाजात म्हणाली, "तुमीच म्हटलं ना मॅम, साफ पाहिजे."

मीच आईला दिलेलं उत्तर होतं ते. बारा वर्षांनी, दुसऱ्या मुलीच्या तोंडून, आणि आता खुर्चीवर मी होते.

पानं तिच्या दप्तरात होती, घडी घालून. दुसऱ्या दिवशी तिनं ती डिंकानं चिकटवून आणली. त्यांच्यावर केळीचा चीक लागला होता. तो डाग काळा पडतो, कशानं जात नाही. एका पानावर छप्पर ताडपत्रीचं, खाली लिहिलेलं: अब्बू म्हणाले, हवा आली की ठेल्यासकट मी उडन. एकावर बांबू, खाली: गिऱ्हाइकाच्या डोक्याले लागते. एकावर ओलं बारदान, खाली: जमलं, पण पाणी कोण आणन. मी वर्गात मोठ्यानं हसले. सानियापण हसली. सहा खोडून नऊ केले. फळ्यावर त्या वर्षीही लिहिलेली 'स्वच्छता' पुसली.

वर्षाच्या शेवटी गुण तपासायला शाळेनं बाहेरून एक सर बोलावले. पुण्याचे. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये टेबलावर वह्या आणि फाइली. एक फाइल शाळेच्या संचालकांच्या नातवाची. घडीचं टेबल. चकचकीत कागद. मी चार गुण दिले होते.

"हे उलटं झालंय का?" सर म्हणाले. "याला चार आणि हिला नऊ?"

"नाही सर. बरोबर आहे."

त्यांनी सानियाची वही उचलली. दोन बोटांनी.

"म्हणजे, प्रयत्न आहे. पण जरा अस्वच्छ वाटतं."

मुख्याध्यापक हसले. "मॅडम, एवढं कशाला ताणता? तिच्याकडून फेअर करून घ्या, आणि याचे सात करा. विषय संपला."

"काहून?"

त्या शाळेत मी दोन वर्षं तोलूनमापून, पुस्तकातल्यासारखी बोलत होते.

"काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"काहून म्हटलं, सर. म्हणजे का."

मी फाइल त्यांच्यापुढं सरकवली. "तिसऱ्या पानावर लिहिलंय, आता ही बिजागरी सुचली. तीच बिजागरी पहिल्या पानावरच्या टेबलाला आहे. शेवटी सुचलेली गोष्ट पहिल्या दिवशी कुठून आली? वस्तू आधी आली, कच्चं नंतर काढलं. मुलाची चूक नाही. आपण त्याला हेच शिकवलं. पण मला गुण द्यायचेत कल्पना कशी वाढली त्याचे. या फाइलमध्ये ती वाढलेलीच नाही. या वहीत पाच वेळा मेली, पाच वेळा उठली. डाग त्याचेच आहेत."

"तुम्हाला इतक्या खात्रीनं कसं कळतं?"

"मी केलंय असं. नववीत. आठ गुण मिळाले होते."

मुख्याध्यापकांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुमची परिविक्षा संपायला दोन महिने आहेत, मॅडम. विचार करा."

"केला, सर."

गुणपत्रकावर सही केली. चार ते चार. नऊ ते नऊ. सरांनी खाली शेरा मारला: शिक्षिकेच्या आग्रहावरून. मारा म्हटलं. खरंच आहे ते.

माझी परिविक्षा एक वर्षानं वाढवली. कारण लिहिलं: सहकार्याचा अभाव. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी तोंड भिंतीकडं केलं. आईनं एवढंच विचारलं, "त्या पोरीचे पानं राह्यले ना?"

राहिले.

माझी सात पानं कुठंच नाहीत. फाडल्यावर त्यांचं काय झालं ते मला आठवत नाही, आणि ते न आठवणं मी स्वतःला माफ केलेलं नाही. झोळी मात्र आहे. आई अजून तीच बांधते.

वाढलेलं वर्ष मी काढलं. आता मी कायम आहे. गुणपत्रकात स्वच्छतेचा रकाना नाही. त्या जागी माझ्या अक्षरात एक ओळ आहे: खोडलेली पानं जोडली नसतील तर वही तपासली जाणार नाही. कोणाचाही नातू असो. ही ओळ काढायला सांगणारे अजून येतात. मी त्यांना एकच शब्द विचारते, आणि तो माझ्या बोलीत विचारते.

सानियाचे नऊ होते. नऊच राहिले.