पीलिया नाही

इंदूरला बाबांची मिल बंद पडली त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि सहा आठवडे अंथरुणातच होते. आंघोळ नाही, कॉलेज नाही, भूक नाही. शेवटी बाबांनी मला सरकारी दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. आईने बजावलं, "कुणी विचारलं तर पीलिया म्हणायचं. नाहीतर स्थळं येणार नाहीत."

पीलिया म्हणजे कावीळ, आणि तिच्यावरचा इलाज अख्ख्या चाळीला ठाऊक होता. रोज उसाचा रस येऊ लागला. कुणी मुळ्याची पानं आणली, कुणी मंतरलेली माळ गळ्यात घातली. दिवसभरात एवढं तरी करायचं म्हणून मी रोज कागदावर तीन कामं लिहायची: दात, केस, एक पोळी. आता खोटं बोलणं हे चौथं काम झालं, आणि तेच सगळ्यात जड होतं.

एका दुपारी शेजारच्या काकू रस घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, पीलिया नाहीये. उदासीचा आजार आहे. डोक्याची गोळी चालू आहे." आत आईने भांडं आपटलं. मी आवाज चढवून तेच पुन्हा सांगितलं.

काकू खालीच बसल्या. "मग आमच्या यांना पण दाखव ना गं. मिल बंद झाली तसे भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी सगळ्यांना कमरेचं दुखणं सांगते."

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तरी गुरुवारी काकांना घेऊन मीच त्या डॉक्टरांकडे गेले, आणि रांगेत ओळखीचे दिसले तेव्हा तोंड लपवलं नाही.