घर बघायला आलेली माणसं

महाडात घर बघायला आलेला माणूस ओटा, खिडक्या, मोरी हे सगळं नंतर बघतो. आधी पुराचं पाणी कुठवर येतं ते विचारतो. आमच्या कॉलनीतली माणसं या प्रश्नाला जरा मिजाशीतच उत्तर देतात, मीही देते. आम्ही चढावर आहोत. खाली बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्या बुडाल्या तरी आमच्या फाटकाच्या आत चप्पल भिजत नाही. आणि एवढं करून बाजार लांब नाही. आमटीला फोडणी दिल्यावर कोकम संपल्याचं लक्षात आलं, तर गॅस बारीक करायचा, खाली उतरायचं, कोकम घेऊन वर यायचं. आमटी लागलेली नसते. हे सुख मी मुंबईच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, बाई फुशारकी मारतेय. मारते. का मारू नये?

आम्ही इथे जागा घेतली तेव्हा कॉलनी म्हणजे गवत, दोन इमारती आणि एक अर्धवट गटार होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, हे पंचायत समितीत कारकून. लोक म्हणाले, त्या माळावर राहायला कोण जातंय! आता डॉक्टर, बँकेतले साहेब, कापडवाले, सगळ्यांना इथेच घर हवंय. यात आमची हुशारी काही नाही, नशीब म्हणायचं. पण सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलं की मला रोज नव्याने बरं वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

आता या चांगल्या पत्त्याची दुसरी बाजू. आमची सासरची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूला डोंगरात. तिथल्या माणसाला डोळे दाखवायचे असोत, दात काढायचा असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, तो महाडला उतरतो, आणि उतरला की त्याला आमचं घर आठवतं. स्टँडवरून चालत येता येतं ना! वाडीवर आमच्या घराला 'खालचं घर' म्हणतात. जणू वरच्या घराचीच एक खोली चुकून महाडात राहिली आहे. फोन करून कोणी येत नाही. दार उघडावं तर समोर चुलत दीर, त्यांची सून, सुनेची आई आणि पिशवीभर तवशी, म्हणजे वाडीवरच्या जाड काकड्या. माणसं पिशव्या टेकवतात, हातपाय धुतात, चहा घेतात, बाजारात जातात, परत येऊन जेवतात, घटकाभर आडवी होतात आणि शेवटची गाडी पकडतात. सोसायटीच्या बैठकीत दर वर्षी आमच्या दारासमोरच्या चपलांचा विषय निघतो. मी दर वर्षी म्हणते, माणसं आमची, चपला आमच्या माणसांच्या, पुढचा विषय घ्या. घरी येऊन मात्र यांच्यावर करवादते. भांडी घासून माझी कंबर मोडते आणि हे आपले बसल्या जागेवरून आग्रह करतात, अजून एक भाकरी घ्या.

या सगळ्यांत एका मोठ्या जाऊबाईंना मी कधी पाहुणं म्हटलं नाही. त्यांना मी ताई म्हणते. लग्न होऊन मी वाडीवर गेले तेव्हा शाळेत हजर व्हायला मला रोज पहाटे डोंगर उतरावा लागायचा. मुलगा झाला तरी उतरणं चुकलं नाही. ताईंनी त्याला आपल्या दोघांबरोबर वाढवला. शेतावर जाताना डोक्यावर पाटी आणि काखेत माझा मुलगा, असं वाडीने त्यांना कितीतरी पाहिलंय. पोराला दिवसा ताप आला तर संध्याकाळी मी घरी पोचेपर्यंत तो उतरलेलाही असायचा, आणि ताप आला होता हे मला शेजारणीकडून कळायचं. मी नोकरी केली ती ताईंच्या जिवावर. निवृत्तीच्या दिवशी भाषणात मी हे सगळ्यांसमोर बोलले. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईंनी तोंडाला पदर लावून मान फिरवली होती.

पुढे मोठे दीर गेले, त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला लागले आणि ताई वाडीवर एकट्या राहिल्या. मग दुखणं निघालं ते थेट किडनीचं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलांनी मुंबईला नेऊन बघितलं. पण एका खोलीत सहा माणसं, आणि मशीनची जागा इतकी लांब की जाऊन येईपर्यंत ताई अर्ध्या व्हायच्या. वाडीवरून ये-जा करायची तर आधी जीप, मग एसटी, आणि पावसात घाटात दरड आली की तेही नाही. महाडातली मशीनची जागा आमच्या घरापासून ताईंच्या चालीनेसुद्धा जवळ. मग विचारायचं काय होतं? सोमवारी संध्याकाळी त्या येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी मशीनवर जातात, शनिवारी वाडीवर जाऊन आपल्या घराला झाडू मारतात. पाणी मोजून प्यायचं, भाजीत मीठ नावाला. महाडच्या उकाड्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात, आणि मी समोर पाणी प्यायला ओशाळले तर उलट मलाच म्हणतात, पी गो, माझ्याकडं बघून तू कशाला सुकतेस.

असं सगळं बसलेलं असताना आमच्या मुलाने खारघरला मोठं घर घेतलं. लिफ्ट, खाली बाग, आमच्यासाठी वेगळी खोली. महाडचं घर काढा आणि इकडे या, तुम्ही दोघं तिथे एकटे असता तर मला झोप लागत नाही, असं तो म्हणाला. मनापासून म्हणाला. नात फोनवर विचारायची, आजी, तू कधी येणार? मी दगड थोडीच आहे? मी विरघळले. आमच्या कॉलनीत घर विकायला काढलंय म्हटल्यावर गिऱ्हाइकांना काय तोटा!

ताईंचं काय, हा प्रश्न आम्हा तिघांनाही पडला होता, आणि तिघांनीही 'काहीतरी करू' म्हणून तो पुढे ढकलला होता. बिरवाडीला खोली बघू, सोबतीला बाई ठेवू. पण ताई खोली घेऊन कोणा परक्या बाईबरोबर राहायच्या नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं. त्या वाडीवर जाणार. मग एखाद्या मंगळवारी गाडी मिळणार नाही, एखाद्या शुक्रवारी दरड येईल, आणि तिथे संपलं. हे कळत असून मी घराला रंग काढला. ताईंना काही बोलले नाही. गिऱ्हाइकं आणायची ती शनिवार-रविवारी, ताई वर गेल्या की, असं आमचं ठरलं.

एका शुक्रवारी मी गिरणीवरून दळण घेऊन आले, तर दाराशी अनोळखी चपला. आत एक तरुण नवराबायको. तो एमआयडीसीत कारखान्यात, ती शाळेत शिक्षिका, बिरवाडीला भाड्याने राहणारी. त्यांना शनिवारचं सांगितलं होतं, पण त्याला सुट्टी मिळाली म्हणून आदल्या दिवशीच आले. हे बाहेर गेलेले. दार उघडलं ते ताईंनी. मशीनवरून येऊन त्यांना तास-दीड तास झाला असेल. मशीनच्या दिवशी खरं तर त्यांना उशीवरून मान उचलत नाही. पण भिंतीला हात धरून त्या उभ्या होत्या आणि पाहुण्यांना घर दाखवत होत्या. मी डबा घेऊन जिन्यातच थांबले.

पुराचं त्यांनी आधीच सांगून टाकलेलं दिसलं. आता खिडकीचं चाललं होतं: दुपारी इथे खाट ओढली की असा वारा येतो की पंखा नको. मग शेजाराचं. खालच्या मजल्यावरचे बँकेतले साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी जिन्याच्या वळणावर खुर्ची आणून ठेवतात, दम लागला तर या आजारी बाईला बसता यावं म्हणून. त्याच खुर्चीवरून मी बैठकीत त्या माणसाशी भांडले होते. आमच्या चपला चालत नाहीत आणि यांची खुर्ची जिन्यात कशी चालते, असं तावातावाने विचारलं होतं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं होतं, कशासाठी ठेवतो ते सांगितलंसुद्धा नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं. ताई दिसल्या की गिऱ्हाईक सोडून उठतो आणि हात धरून रस्ता ओलांडून देतो. मग समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंचं. त्या दारावरून जाताना मुद्दाम थांबून ताईंच्या पायांची सूज बघतात. इतकी वर्षं मी इथे राहते, कॉलनीच्या गमजा मारते, आणि माझ्या कॉलनीतली माणसं कशी आहेत ते मला त्या दिवशी जिन्यात उभं राहून कळत होतं.

त्या मुलीने विचारलं, आजी, तुम्ही इथेच राहता का?

"नाय गो बाय, मी पाहुणी," ताई म्हणाल्या. "पण आजारी माणसाला हे घर लय मानवतं, येवढं सांगते. घ्या तुम्ही. तुमच्या म्हाताऱ्या माणसांना बरं पडंल."

मी आत गेले. काय बोलले ते मला आठवत नाही. चहा केला असणार, कारण नंतर मी कप विसळले. निघताना ती मुलगी दाराच्या चौकटीवरून हळूच हात फिरवून गेली. घर आवडल्याची ती खूण होती, आणि तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

ते गेल्यावर मी ताईंना विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? कोणी कशाला सांगायला हवं, त्या म्हणाल्या. रंग काढलास, बिजागऱ्यांना तेल दिलंस. बैल बाजारात न्यायचा असला की आधी शिंगं रंगवतात, आम्हाला एवढं कळत नाय? रंगारी आला त्या दिवशीच त्यांनी ओळखलं होतं. आपल्या मुलांनाही परस्पर सांगून टाकलं होतं की घर गेलं की मी वाडीवर राहीन, आणि मशीनचं जमेल तेवढं जमेल, नाय जमलं तर नाय. मी म्हटलं, कळलं होतं तर त्या लोकांसमोर एवढं कौतुक कशाला केलंत? तर त्या माझ्याकडे नवलाने बघत राहिल्या. खोटं काय बोलले, म्हणाल्या. चांगली माणसं दिसली, घर त्यांना जावं असं वाटलं. एवढं बोलून दमल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दळणाचा डबा तसाच टाकून रडले. मुळूमुळू नाही, चांगली हुंदके देऊन. ज्या बाईचा जीव या घराच्या चार भिंतींवर टिकलेला, तीच धड उभं राहवत नसताना घर आमच्यासाठी विकत होती. आणि असं विकत होती की तिच्याइतकं त्या घरावर कोणी प्रेम केलेलं नाही, हे खालच्या मजल्यापर्यंत कळावं.

दिवेलागणीला हे घरी आले आणि पाठोपाठ फोन वाजला. घर बघून गेलेल्या त्या तरुणाचा. घर पसंत आहे, आम्ही म्हणू ती किंमत कबूल आहे. यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"नाही म्हणा," मी म्हटलं. "आणि त्या मुलीची माझ्या वतीने माफी मागा."

यांनी का म्हणून विचारलं नाही. लगेच सांगून टाकलं, आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा असा सुटला की महिनाभर हे याच शब्दांसाठी थांबले होते हे मला कळून चुकलं. आमच्या मुलाशी उद्या बोलायचं होतं. तो ऐकेल, याबद्दल मला शंका नव्हती. तो ताईंच्याच हातचा आहे.

ताई मात्र ताडकन उठून बसल्या. आमच्या सगळ्या संसारात त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्या दिवशी चढवला.

"माझ्यापायी घर अडकवू नकोस मास्तरीण. माझं काय, आज हाय, उद्या नाय. तुझी नात तिकडं मोठी होऊन जाईल आणि तू बसशील हितं."

नातीचं खरं होतं आणि ते मला लागलं. तिचं पहिलं दप्तर, पहिला पडलेला दात, हे सगळं मला फोनवरच बघायला मिळणार होतं. ते मी गिळलं.

"तुमच्यापायी नाही," मी म्हटलं. "त्या मुलीला तुम्ही जे सांगत होतात ना, ते ऐकून हे घर मलाच घ्यावंसं वाटलं. आणि आज हाय उद्या नाय हे मला सांगायचं नाही ताई. मास्तरीण आहे मी. पटावरचं नाव मी असं कमी करू देत नाही."

हे उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत राहिले. ताई कितीतरी वेळ सुयांच्या हातावरची पट्टी सारखी करत बसल्या. मला वाटलं, आता त्या पिशवी भरायला उठतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी कितीला निघायचं?"