तात्या सावंतांनी न पुसलेला फळा

आमच्या लालबागच्या चाळीत कोणी मेलं की दारातल्या फळ्यावर तात्या सावंत खडूने लिहायचे. गिरणीत कारकुनी केलेला माणूस, अक्षर ठसठशीत. 'देवाज्ञा झाली', 'निघून गेले' असलं काही लिहीत नसत. म्हणायचे, "मेलो तो मेलो. देवाक कित्याक मधी घालूचो?" मी चौथी शिकलेली, मला सरळ लिहिलेलंच कळतं. यंदा माघात तात्याच मेले, म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या वादळात वरच्या मजल्याचा छज्जा तुटला आणि जिन्याजवळ वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या माझ्या जावेवर, कुंदावर पडला. ती जागच्या जागी मेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'इमारतीचा काही भाग कोसळल्याचे समजते. एका महिलेस इजा झाल्याची शक्यता.' आम्ही तिला जाळून आलो होतो आणि हे मेले शक्यता लिहीत होते. लिहिताना हात कसे झडले नाहीत?

तात्या मला घेऊन पेपरच्या कचेरीत गेले. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, अधिकृत दुजोरा मिळाला नाही."

"मी खांदो दिलंय तिका. आनी कसलो दुजोरो व्हयो तुका?"

बातमी तशीच राहिली.

उरलेला अर्धा छज्जा पुढच्या जिन्याच्या तोंडावर लटकत होता. तो काढा म्हटलं की मालकाचा माणूस तोच पेपर पुढे करायचा. "काय पडलं, कशाने पडलं, यांनाच नक्की नाही. चौकशी होऊ दे, मावशी."

मग तात्यांनी फळ्यावर लिहिलं, 'कुंदा परब छज्जा पडून मेली. अर्धा छज्जा अजून वर आहे. पुढच्या जिन्याने जाऊ नका.' मालकाचा माणूस पुसायचा, तात्या पुन्हा लिहायचे. आमच्या चाळीत तेराव्याला फळा पुसतात. मीच त्यांना म्हटलं, "तात्या, झालं तेरावं. पुसा आता तिचं नाव."

माझ्यावर खेकसले, "तुझा तेरावा झाला. छज्ज्याचा खंय झाला?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण मागच्या जिन्याने जायला लागले. सगळी चाळच जायला लागली.

महिन्याभराने भर दुपारी तो अर्धाही पडला. खाली कोणी नव्हतं. पेपरात आलं, 'सुदैवाने जीवितहानी टळल्याचे समजते.' मी ते तात्यांना वाचून दाखवलं.

"सुदैव खंयच्या खोलीत रवता गे?" ते म्हणाले. "माका तरी चाळीत कधी दिसला नाय."