पालथा तांब्या

आमच्या इमारतीमागच्या बागेच्या फाटकाशी एक पोचे पडलेला पितळी तांब्या असतो. आज सकाळी त्याच्याकडे पाहताना मला एकदम आमचा जुना खुळेपणा आठवला.

तिथल्या मोकळ्या जागेत आम्ही शेजाऱ्यांनी जांभळाची रोपं लावली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती पिवळी पडली. माळ्यानं माती चाचपून विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"मी!" सगळेच म्हणाले.

बाकीच्यांना कसली आठवण राहतेय, असं म्हणत प्रत्येकजण गुपचूप बादली ओतून जात होता. मुळं कुजू लागली होती.

मग तळमजल्यावरच्या सुमनताईंनी हा तांब्या आणून ठेवला. पाणी घालणाऱ्यानं तो पालथा घालायचा, म्हणजे मागून येणाऱ्यानं मुकाट्यानं परत जायचं. रोज पहाटे त्या तो सरळ करीत. भरली बादली घेऊन परत फिरणं फार जड जायचं हो! पण 'कुणीतरी घातलंय' यावर विसंबणं, हीसुद्धा मायाच असते. ती आम्हाला त्या रोपांनी शिकवली.

आज त्याच झाडांखाली चार घरांनी चादरीची चार टोकं धरली होती. फांद्या हलल्या आणि जांभळांचा सडा पडला.

"अहो, ताणून धरा!" सुमनताई ओरडल्या. त्यांची जीभ केव्हाच जांभळी झाली होती.

फाटकाशी तांब्या सरळ उभा होता, जांभळांनी शिगोशीग भरलेला. आज तो पालथा घालायची कुणाची छाती होती!