करड्या घोड्याचं वजन

"लाऽभ!" असं आमचे मापारी ओरडत, आणि बाजारात दिवसाचं पहिलं पारडं उचललं जाई. त्यानंतर दोन, तीन, चार. 'एक' हा आकडा त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. मापाची सुरुवात लाभानं करायची ही रीत तुम्हीही कुठल्या ना कुठल्या खळ्यावर पाहिली असेल. पण बाकीची माणसं ती रीत खळ्यावरच ठेवून घरी जातात. आमचे मापारी ती उशाशी घेऊन झोपत असावेत. मुलं किती असं कुणी विचारलं की म्हणत, "लाभ पोरगी. तिकडं अकोल्याले देल्ली." बायका किती, असं मी एकदा थट्टेनं विचारलं. "लाभ," ते म्हणाले, आणि जरा थांबून पुढे म्हणाले, "म्हनाची पद्धत हाय, बापा."

मी तेव्हा अमरावतीच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे कारकून होतो. पुण्याकडून चार इंग्रजी बुकं शिकून आलो होतो, आणि पहिले दोन महिने मला वाटत होतं की इथं जो तो माझ्याशी भांडायलाच बसला आहे. पुढे कळलं, की ते प्रेमानं बोलत होते.

ते दिवस कसे होते हे आज सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अमेरिका कुठल्या दिशेला आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तेही ती लढाई लांबावी म्हणून शनिवारी मारुतीला तेल घालत. आमच्या शेठनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या जड शेंब्या बसवल्या होत्या. बैल बिचारे मान खाली घालून चालत. शेठना वाटे, आपल्या घरचे बैलसुद्धा किती विनयशील!

मापारी उंच, वाळकुडे, आणि उजव्या हाताचे मोठे जबर. कापसाचं बोचकं आलं की ते तोलायच्या आधी खांद्यापर्यंत हात आत घालत. भाव वाढला तसे बोचक्यांत गोटेही वाढले होते. हाताला गोटा लागला की ते तो बाहेर काढत, धोतराला पुसत आणि मालकाच्या हातावर ठेवत. "हा तुमचा. घरी न्या, देवात मांडा." मालक खाली मान घालून गोटा घेई; पुढच्या आठवड्यात कदाचित तोच गोटा पुन्हा येई.

आणि तोल बरोबर झाला, दांडी सरळ झाली, की ते मालाच्या पारड्यात वरून आणखी एक मूठ टाकत. घेणाऱ्याचं पारडं झुकलंच पाहिजे. "आपल्या मानसाले नेमकं तोलून देत असते काय कोनी?" असं ते विचारत. विकणारेही कुरकुरत नसत, कारण त्यांच्या बापांनाही हेच माप माहीत होतं. त्या मुठी जमत जमत आमच्या शेठच्या घरावर एक माडी चढली असावी, असा माझा अंदाज आहे.

बाजार उठला की मापारी तडक मळ्यात जात. गावाच्या कडेला विहिरीचा छोटासा मळा होता. जमीन आमच्या शेठची, पण मापाऱ्यांच्या बापापासून तो मळा मक्त्यानं यांच्याच घरी. वांगी, मेथी, गाजरं, झेंडू, आणि बांधाला घोड्यांसाठी हिरवा घास. त्यांची बायको भाजी विके. नवऱ्याशी ती सरळ एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. यांनी आभाळाकडे पाहून म्हणावं, "पानी येईन आज." तिनं आभाळाकडे न पाहताच म्हणावं, "काही नाई येत!" मग दोघंही आपापलं खरं होण्याची वाट पाहत खुरपत बसायची. मी संध्याकाळी तिथं जाऊन बसत असे. गाजर फुकट मिळे आणि भांडण ऐकायला मिळे.

पण कापसाच्या भावानं भाजीची चव कुणाला राहिली नव्हती. गावाभोवतीचे मळे एकेक करून मोडले आणि तिथं कपाशी उभी राहिली. एक दिवस शेठनी मापाऱ्यांना बोलावून सांगितलं, यंदा तुझ्या मळ्यातही कपाशी लावायची आहे.

मापाऱ्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "शेठ, माहा बाप त्या विहिरीवर मेला. मले बी तथीच मरू द्या."

शेठ दुष्ट नव्हते. भाव चढला तशी त्यांना पैजेची बाधा झाली होती, एवढंच. कुंपणावरचा कावळा आधी उडेल की चिमणी, यावरही ते पैज मारत. त्यातच कॅम्पाजवळच्या माळावर साहेब लोकांनी घोड्यांच्या शर्यती ठरवल्या होत्या, आणि सारा बाजार त्यांच्यावर पैसे लावून राहिला होता. शेठचे डोळे चमकले.

"लाव शर्यत, मापारी! तू निवडशीन तो घोडा पयला आला तं मळा तुह्या हयातीपर्यंत तुह्याकडं, मक्ताबी नाई. माहा तांबडा आला तं चैतात खाली करून द्याचा."

जन्मात कधी कवडी न लावलेल्या माणसानं मळा लावला. घोडा निवडला तो करडा. का, तर त्याची देखभाल करणारा मोतद्दार रोज यांच्या मळ्यातून घास आणि गाजरं नेत असे. "आपल्या विहिरीचं खाल्लं-पेलं हाय त्यानं," मापारी मला म्हणाले. "घरचाच मानूस म्हना." बायकोला कळलं तेव्हा ती दोन दिवस काहीच बोलली नाही. मापाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

आता गंमत पाहा. घोड्यावर बसणाऱ्यांना शर्यतीआधी तोलावं लागतं, आणि त्यासाठी साहेबांनी मुंबईहून काटा मागवला होता. गाडीवानानं वाटेत पाहिलं, की लोखंडापेक्षा कापसाला भाडं जास्त. त्यानं काटा रस्त्याच्या कडेला उतरवला, गाडीत कापूस भरला आणि तो उलटा मुंबईला गेला. तेव्हा साहेबांनी बाजारातला मोठा तराजू आणवला आणि त्याच्यासोबत आमचे मापारीही. ज्या माणसाचा मळा शर्यतीवर लागला आहे तोच वजन करणार, याचं कुणाला काही वाटलं नाही. कसं वाटावं? देखरेख करणारा साहेब हाच करड्या घोड्याचा मालक होता.

मी दुभाषा म्हणून शेजारी उभा. साहेबानं सांगितलं, की ज्या घोड्याला जितकं वजन ठरलं आहे तितकं स्वाराचं आणि खोगिराचं मिळून भरलं पाहिजे. कमी पडलं तर खोगिराच्या कप्प्यात शिशाच्या गोळ्या भरायच्या. जोरदार घोड्याला वजन जास्त, मवाळाला कमी, म्हणजे सगळे सारखे होतात.

मापाऱ्यांनी हे दोनदा समजावून घेतलं. "सारे सारखेच कराचे असन, तं मंग शर्यत कायले लावता?" ते म्हणाले. "आन जनमभर लोकायच्या बोचक्यातले गोटे काढले, आता मीच भरू काय?"

हे मी साहेबाला सांगितलं नाही. साहेब घाईत होता. तो आपल्या हिंदुस्थानीत थेट त्यांनाच म्हणाला, "कम नहीं होना. ज्यादा होगा तो चलेगा."

मापाऱ्यांचा चेहरा उजळला. "पाहा! कायदा आपलाच हाय," ते मला म्हणाले.

मग त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि "लाऽभ" म्हणून पहिला स्वार पारड्यात बसवला. पाच-सहा स्वार झाले. तांबड्या घोड्याचा झाला. त्याची दांडी त्यांनी अशी सरळ धरली, की शेठनीसुद्धा मान डोलावली. शेवटी करड्याचा स्वार आला, काडीसारखा हडकुळा. साहेब तेव्हा घोड्याचे नाल पाहायला गेला होता. मापाऱ्यांनी त्या पोरगेल्या स्वाराकडे मायेनं पाहिलं, "जेवत नाई काय रे तू?" असं विचारलं, आणि ते शिसं भरू लागले. दांडी सरळ झाली. त्यांचा हात आणखी दोनदा गोळ्यांच्या पिशवीत गेला आणि पारडं झुकलं.

शर्यत म्हणजे काय, तर सकाळपासून उन्हात उभं राहायचं, आणि जे पाहायचं ते डोळ्यांतला घाम पुसेपर्यंत होऊन जायचं. करडा सुटला तो पुढेच. माळाच्या टोकाच्या बाभळीला वळसा घालून घोडे आमच्याकडे वळले तेव्हाही तो पुढे होता. गर्दीत भाजीची टोपली घेऊन मापाऱ्यांची बायको उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली. मग करड्याचे पाय जड झाले, तांबडा शेजारी आला, आणि दोघं आमच्या पुढ्यातून गेले तेव्हा तांबड्याची मान पुढे होती. फक्त मान.

स्वारांना परत तोलायचं असतं. करड्याचा स्वार पारड्यात बसला आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं. साहेबानं भुवया चढवल्या. खोगिराच्या कप्प्यातून त्यानं एक मूठ शिसं काढलं, दुसरी काढली, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. त्यानं मला विचारलं, मी मापाऱ्यांना विचारलं, "हे जास्तीचं कसं आलं?"

"कसं म्हंजे? मी टाकलं," ते म्हणाले. "घरच्या मानसाले कमी देऊ काय?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की इथं पारडं झुकलं म्हणजे घोड्याला ओझं होतं. या दोन मुठी नसत्या तर करडा सहज आला असता.  त्यांना ते कळत होतं. पण हाताला कळायला उशीर झाला होता.

साहेबाचे स्वतःचे पैसे करड्यावर होते. त्यानं चटकन तोड काढली. मापाऱ्यानं चार लोकांसमोर म्हणावं, की काटा चुकला. शर्यत रद्द करून पुन्हा लावू. शेठ 'नाही' म्हणाले नाहीत. जिंकलेली पैज पुन्हा लावायला मिळते आहे, याचा त्यांना आनंदच झाला असावा.

"म्हना ना!" बायको गर्दीतून ओरडली. "चुकला म्हना! काय जाते तुमचं?"

मापाऱ्यांनी दांडीवर हात ठेवला. "काटा कसा चुकन?" ते हळूच म्हणाले. "आज म्हनलं चुकला, तं उद्या सारा बाजार दारात येईन. माह्या बी कापसाचं चुकलं म्हनन जो तो. मी काय सांगू त्याले?" मग मोठ्यानं म्हणाले, "काटा बरोबर हाय. जास्त मी टाकलं."

यात खरेपणा किती होता आणि हट्ट किती, हे मला आजही सांगता येत नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी दोन्हींपैकी काही केलं नाही. साहेब खांदे उडवून निघून गेला. बायकोनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती एकटीच घराकडे चालू लागली. मापारी तिच्या मागून, वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून.

चैत्रात त्यांनी मळा खाली केला आणि दोघं लेकीकडे अकोल्याला गेली. बाजारात नवा मापारी आला. तो दांडी सरळ धरी; शेठ त्याच्यावर खूश नसत.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेतली लढाई आटोपली. मारुतीला इतकं तेल घालूनही आटोपली. कापसाचा भाव असा कोसळला, की कपाशी वेचायची मजुरीही निघेना. मळ्यातली बोंडं झाडावरच फुटून वाऱ्यानं उडाली. शेठच्या बैलांच्या शिंगांवरचं ओझं उतरलं आणि बैल पुन्हा मान वर करून चालू लागले. भाजी मात्र इतकी महागली, की शेठच्या घरी आठवड्यातून चार दिवस नुसतं वरण.

एके दिवशी शेठ मला म्हणाले, "अकोल्याले जा. मापाऱ्याले सांग, मळा घे म्हना. मक्ता नको. शर्यत नाई झाली असं समजू." आवाज जरा ओला होता. वरणाला कंटाळले होते म्हणून असेल, किंवा खरंच असेल.

मी गेलो. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात, एका बोळाच्या तोंडाशी मापाऱ्यांची बायको भाजी विकत बसलेली दिसली. मला पाहून ती हसली नाही, पण बसायला गोणपाट सरकवलं. मी मापाऱ्यांची चौकशी केली.

"बुढा गेला," ती म्हणाली. "आखाडात. ताप आल्ता."

 जो निरोप घेऊन आलो होतो तो तरी सांगावा म्हणून सांगितला. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिली. शेवटी मीच विचारलं, "मग मळ्याचं काय सांगू शेठला?"

"बुढा रोज पुसे," ती म्हणाली. "सकाळी डोळा उघडला का पुसे. तापात बी पुसे. आपल्या मळ्यातले वांगे लागले असतीन काय वं?"

तिनं जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"मी म्हनो, लागले. फांद्या वाकून राह्यल्या, इतके लागले."