ओठ वाचणारे मामा

सोलापुरात सिनेमाची खरी पारख असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो ठार बहिरा होता. ते माझे मामेसासरे. गिरणीत शेकडो मागांच्या खडखडाटात जन्म काढल्यावर कान जायचेच. पण त्या खडखडाटात विणकर एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलत, आणि त्या विद्येत मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, सगळं ते समोरच्याच्या ओठांवरून वाचत. त्यामुळे त्यांच्या घरात कुजबुजायची सोय नव्हती.

दर रविवारी दुपारी ते मूकपट पाहत आणि सोमवारी साखर पेठेतल्या आपल्या दारावर पाटी टांगत. ‘जर्मनीचं भुताचं चित्र. भूत बरं आहे, माणसांची भीती वाटते.’ ‘अमेरिकेची मारामारी. घोड्याचं काम उत्तम.’ ‘जुनं पौराणिक. राणीला मिशी फुटते आहे.’ ही पाटी वाचल्याशिवाय पेठ तिकीट काढीत नसे. मात्र देशी चित्रांवर मामांचा भारी राग, कारण पडद्यावरची माणसं खरोखर काय बोलतात ते त्यांना कळे. एकदा नायिका नवऱ्याच्या प्रेतावर पडून रडत होती, सारं थिएटर हुंदके देत होतं, आणि मामा खदाखदा हसत सुटले. मागचे गृहस्थ बाह्या सरसावून उठले, तेव्हा मामा म्हणाले, “अवो, मेलेला माणूस म्हणतोय, ‘बाई, केस बाजूला घे, नाकात जातायत!’” विलायती चित्रांतले ओठ त्यांना वाचता येत नसत, म्हणून विलायतेतली माणसं खरं बोलतात असं त्यांचं ठाम मत होतं.

मग बोलपट आला. गाव आनंदलं, मला मात्र मामांची काळजी लागली. ज्या अंधारात आजवर सगळेच बहिरे होते, तिथं आता मामा एकटेच बहिरे उरणार होते. त्यांनी पाटी पुसून पिठाच्या डब्यामागं सारली. “आता कानवाल्यांचं राज्य आलं, जावईबापू. आमचं काय काम हाय तितं?”

मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. नायिकेचं लेकरू दुरावतं तो प्रसंग आला, तसा मी मामांचा हात दाबून धरला. हे आता हसणार. पण मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भर थिएटरात ते ओरडले, “आन् बाई खरंच तेच म्हणतीय की वो!”

घरी येऊन त्यांनी पाटी काढली, खडू उचलला आणि थबकले. “आवाज कसा हाय तिचा?”

मी आवाज न काढता ओठ हलवले, “मामींसारखा.”

खरं म्हणजे मामींचा आवाज गिरणीच्या भोंग्याच्या तोडीचा. बहिऱ्या नवऱ्याशी बोलून बोलून तो तसा झालेला. पण मामांच्या कानात राहिला होता तो लग्नातला, उखाणा घेणारा. ते हसले आणि त्यांनी लिहिलं, ‘बोलपट. ओठ खरे बोलतात. आवाज आमच्या घरच्यासारखा गोड. अवश्य पाहावा.’

मामींना अक्षर येत नव्हतं. “काय ल्हिवलंय वो?” त्यांनी विचारलं, आणि मी वाचून दाखवलं. त्यांनी पदर सावरला आणि पाटी स्वतःच्या हातानं दारावर टांगली. ती पाटी त्यांनी पुढं कुणाला पुसू दिली नाही. पुढच्या चित्रासाठी मामांना नवी पाटी आणावी लागली.